पाळीच्या आधी कॅल्शियम घेऊ की मॅग्नेशियम?

विजयनगरची_मुलगी
वय 31, इंदूर. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस मी माणसात नसते, पोट फुगतं, छाती दुखते आणि नवऱ्याने चहात साखर कमी टाकली तरी रडू येतं. वरून रात्री सराफ्यात जाऊन काहीतरी तिखट-खारट खायचंच असं होतं. ऑफिसमधली एक म्हणते मॅग्नेशियम घे, दुसरी म्हणते कॅल्शियम, सासूबाई म्हणतात तिळाचे लाडू खा सगळं ठीक होतं. दवा बाजारातून दोन्ही आणून ठेवलेत, सुरू नाही केले. सकाळी थायरॉइडची गोळी चालू आहे. कोणी घेऊन पाहिलंय का खरंच?

पोहे_विदाउट_जलेबी
मी मॅग्नेशियम घेतलं होतं, ऑक्साइडवालं. पोट फुगणं कमी झालं की नाही ते कळायच्या आतच लूज मोशन लागले 😭 चार दिवसांत बंद.

अर्धी_फार्मासिस्ट
अगं दोन्ही एकदम सुरू करू नकोस, मग कशाने फरक पडला तेच कळणार नाही. त्यातल्या त्यात पुरावा कॅल्शियमचा बरा आहे. अमेरिकेत 1998 मध्ये एक मोठा अभ्यास आला होता, चारशेच्या वर बायका, रोज 1200 मिग्रॅ कॅल्शियम, आणि तिसऱ्या पाळीपर्यंत त्रास 48 टक्क्यांनी कमी. पण ऐक, ज्यांना नुसती खोटी गोळी दिली त्यांचाही 30 टक्के कमी झाला होता, म्हणून जादू वगैरे समजू नकोस, आणि तीन महिने धीर धर. मॅग्नेशियमचे अभ्यास छोटे आहेत, 200 मिग्रॅने अंगात पाणी धरणं दुसऱ्या महिन्यात थोडं कमी झालं, एवढंच.

पाकिटावर नीट बघ, कॅल्शियम कार्बोनेट 1250 लिहिलं असेल तर त्यात खरं कॅल्शियम 500च असतं. एका वेळी 500 च्या वर नको, शरीर नीट घेत नाही, आणि कार्बोनेट जेवणासोबतच. दूध-दही जितकं खातेस तितकं त्या 1200 मधून वजा कर. थायरॉइडच्या गोळीत आणि यात चार तास पाहिजेतच, नाहीतर ती गोळी वाया. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी. मुतखडा झाला असेल कधी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हातच लावू नकोस.

मालवा_माऊशी
सासूबाई चूक नाहीत बरं, तिळात कॅल्शियम असतंच, पण पॉलिशच्या पांढऱ्या तिळात बरंच कमी, सालासकट घे. नाचणी पण. आमच्याकडे नाचणी कोणी खात नाही, इंदूरला सगळं पोहे-शेवेवर चालतं 😄 आणि ती शेवच आधी कमी कर, मिठाने पोट अजून फुगतं.

अर्धी_फार्मासिस्ट
+1. अजून एक, दोन महिने डायरीत लिही कोणत्या दिवशी काय झालं. पाळी सुरू झाल्यावरही उदासी जात नसेल किंवा जीव नकोसा वाटत असेल तर तो विषय गोळ्यांचा नाही, थेट डॉक्टरकडे जा, वाट बघू नकोस.

विजयनगरची_मुलगी
नाही नाही तसं नाहीये, पाळी आली की दुसऱ्या दिवशी मी नॉर्मल. पाकीट पाहिलं, 1250 कार्बोनेटच निघालं, मी तर एका गोळीत काम झालं समजत होते. दुपारच्या जेवणासोबत एक आणि रात्री एक, बाकी दूध-दही. मॅग्नेशियम परत करायला जाते, बिल सापडलं तर. शेवेचा डबा सासूबाईंच्या कपाटात ठेवायला दिला तर म्हणाल्या, "मग मी काय खाऊ?"