मदत हवी आहे: दाभोळ ते रत्नागिरी, समुद्राकाठाने पायी

नमस्कार मंडळी, मी आणि माझा आतेभाऊ जानेवारीत दाभोळहून निघून रत्नागिरीपर्यंत चालत जायचं म्हणतोय, म्हणजे फेरीबोटीने धोपावे, मग गुहागर, वेळणेश्वर, हेदवी, तवसाळहून परत फेरीबोट पकडून जयगड, पुढे मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे असं. गावच्या ट्रस्टच्या डायलिसिस मशीनसाठी पैसे जमवायचेत, बाबांचं डायलिसिस तिथेच चालायचं म्हणून.

आता अडचण अशी की वाळूतून किती चालता येतं आणि कुठे मुकाट्याने डांबरी रस्ता धरावा लागतो ते नकाशावरून काही केल्या कळत नाहीये. आजोबा सांगायचे तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, त्या हिशोबाने अष्टमीला ६ ला भरती आणि १२ ला ओहोटी, म्हणजे ऐन उन्हात चालणं आलं! पौर्णिमेच्या आसपास मात्र सकाळी ६ च्या सुमारास ओहोटी मिळते, घट्ट ओली वाळू, म्हणून तेच दिवस धरलेत. बरोबर आहे ना? हेदवी ते तवसाळ कोणी चाललंय का, मध्ये कातळ आणि खाडीची तोंडं किती लागतात?

दुसरं, पैशांचं. २००० च्या वर रोख दिले तर ८०जी ची (म्हणजे देणगीवरची आयकरातली) सूट मिळत नाही, त्यामुळे लोकांना थेट ट्रस्टच्या खात्यावरच टाकायला सांगणार आहे, माझ्या जीपेवर एक रुपया नको, उगाच नंतर नातेवाईकांत चर्चा. पण किमीमागे ठरावीक रक्कम मागावी की सरळ मदत मागावी?

आणि बूट की सँडल??