मदत हवी आहे: नरक्याच्या अर्कात कॅम्पटोथेसिनचे दोन पीक

नरक्या या झाडाच्या पानांतील कॅम्पटोथेसिन (कर्करोगविरोधी द्रव्य) मोजायचे आहे. हे द्रव्य रसायनशास्त्रज्ञ मनरो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये चिनी झाडातून वेगळे केले. सह्याद्रीतल्या नरक्यातही ते सापडते. खोडासाठी हे झाड बेसुमार तुटले आहे, म्हणून साल नको, रोपवाटिकेतली पानेच वापरायची आहेत.

वाळवलेल्या पानांची पूड मिथेनॉलमध्ये काढली. एचपीएलसीला (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) सी-१८ कॉलम, अ‍ॅसिटोनायट्राइल-पाणी, बफर नाही, यूव्ही २५४ नॅनोमीटर. डीएमएसओ या द्रावकातल्या मानकाचा (शुद्ध कॅम्पटोथेसिनचा) एकच पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, येतो. अर्कात मात्र त्याच जागी एक आणि त्याच्या बराच आधी दुसरा. अल्कलीत कॅम्पटोथेसिनच्या रेणूतले लॅक्टोन वलय उघडून कार्बॉक्सिलेट होते आणि ते आधी बाहेर पडते, हे माहीत आहे. म्हणून अर्क आम्लयुक्त करून पाहिला: आधीचा पीक लहान झाला, पण गेला नाही. कॉलम बदलूनही तेच.

एलसी-एमएस (घटकाचे वस्तुमान मोजून ओळख पटवणारे यंत्र) इथे नाही, बाहेर पाठवण्याइतका निधीही नाही. ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही दिवा, टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) आणि पीएच मीटर आहे.

उरलेला पीक कार्बॉक्सिलेटचाच की पानांतल्या दुसऱ्या घटकाचा, हे एवढ्या साधनांत कसे ठरवावे? आणि मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाचा) पीएच नेमका किती ठेवावा?