काकूंच्या २३,५०० रुपयांवरून (ए-बी विंग ग्रुप, मुलुंड पूर्व)

शुक्रवार, रात्री ९:१२

बी-४०३ काकू: नमस्कार. सगळ्यांना कळावं म्हणून लिहिते. काल आमचं वॉशिंग मशीन बंद पडलं. चार दिवस पाऊस, घरभर ओले कपडे. फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. माणूस अगदी अदबीने बोलत होता. १० रुपये नोंदणी फी भरा म्हणाला, मग तक्रार बघायला सोपं जाईल म्हणून एक अ‍ॅप घ्यायला लावलं. पाच मिनिटांत दोनदा मिळून २३,५०० गेले. मी ओटीपी कुणालाही सांगितला नाही.

बी-४०३ काकू: ह्यांच्या औषधांसाठी बाजूला ठेवलेले होते.

ए-१०२ वहिनी: अरे देवा. काकू, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केलात का?

बी-४०३ काकू: हो, जावयांनी लगेच लावून दिला. बँकेलाही कळवलं. कार्ड, यूपीआय सगळं बंद केलंय. ते अ‍ॅपही काढलं.

ए-५०१ दादा: काकू, वाईट वाटलं. पण अनोळखी नंबरशी इतकं बोलायचंच कशाला? रोज मेसेज फिरतात की असले.

बी-२०१ ताई: दादा, थांबा. काकूंनी अनोळखी नंबर लावलेला नाही. त्यांनी कंपनीचाच नंबर शोधला आणि समोर आला तो लावला. आपण सगळे असंच करतो. मी आत्ता त्यांच्याकडे जाऊन आले. त्याच फोनवर तोच शोध पुन्हा करून बघितला. पहिल्या दोन नोंदी जाहिरातीच्या. वर बारीक राखाडी अक्षरात ‘प्रायोजित’, खाली ठसठशीत कंपनीचं नाव आणि शेजारी फोनचं चिन्ह. कंपनीची खरी साइट तिसरी, ती अंगठ्याने पान वर सरकवल्याशिवाय दिसतच नाही. चष्मा लावूनही मला ते राखाडी अक्षर पटकन दिसलं नाही. ओटीपीचं म्हणाल, तर त्या अ‍ॅपमुळे काकूंची स्क्रीन त्या माणसाला तिकडे दिसत होती. त्याला विचारायची गरजच नव्हती.

बी-२०१ ताई: पैसे भरून कुणीही कुणाच्याही नावाने जाहिरात टाकतो. ती तपासली जाईपर्यंत दोन-चार घरं लुटून होतात. हे फक्त आपल्याकडे चालतं असं नाही. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच प्रकाराबद्दल जाहीर सूचना काढली होती. सर्चमधल्या जाहिरातींतून नामांकित कंपन्यांची सोंगं घेऊन लोकांना फसवलं जातंय, तेव्हा इंटरनेटवर शोधताना अ‍ॅड ब्लॉकर वापरा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पोलिसी यंत्रणा ब्लॉकर लावा म्हणते! मी गेली कित्येक वर्षं हे वापरते आणि शेजारच्या काकूंच्या फोनवर बसवून द्यायचं मला सुचलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

सेक्रेटरी: ताई, हे अ‍ॅड ब्लॉकर म्हणजे नक्की काय? ग्रुपवर सोपं करून लिहाल का? आमच्या आईच्या फोनवर पण लागेल.

बी-२०१ ताई: लिहिते, जरा लांब होईल.

बी-२०१ ताई: आपण एखादं पान उघडतो, समजा बातमीचं. आपल्याला वाटतं एकाच साइटशी आपला व्यवहार झाला. प्रत्यक्षात त्या पानाच्या पोटातून दुसऱ्याच दहा-वीस ठिकाणी निरोप जातात. काही जाहिराती आणायला, काही नुसते आपली नोंद ठेवायला. कधीकधी तर पानावर एकाच ठिपक्याएवढं पारदर्शक चित्र ठेवलेलं असतं. ते डोळ्याला दिसत नाही, पण ते मागवताना ‘हा फोन या वेळी या पानावर होता’ ही खबर पोहोचते. बाबांना शुगर निघाली तेव्हा मी एक संध्याकाळ ग्लुकोमीटरबद्दल वाचत होते. पुढचा महिनाभर रेसिपी बघा नाहीतर पंचांग बघा, मशीनच्या आणि चूर्णाच्या जाहिराती. घरातलं आजारपण मी सासरीसुद्धा सांगितलं नव्हतं. या कंपन्यांना मात्र ठाऊक.

बी-२०१ ताई: ब्लॉकर हे निरोप बाहेर पडायच्या आत अडवतो. कुठले अडवायचे हे तो स्वतःच्या मनाने ठरवत नाही. त्याच्याकडे याद्या असतात, त्यांना फिल्टर लिस्ट म्हणतात. सगळ्यात जुनी आणि मोठी म्हणजे ईझीलिस्ट. २००५ मध्ये रिक पेटनेल नावाच्या माणसाने ती सुरू केली. २००९ मध्ये तो गेला, पण यादी इतरांनी पुढे चालवली. ती मुख्यतः जाहिरातींसाठी. पाळत ठेवणाऱ्यांसाठी तिचीच बहीण ईझीप्रायव्हसी. आपल्याकडच्या भाषांतल्या साइट्ससाठी इंडियनलिस्ट म्हणून वेगळी आहे.

बी-२०१ ताई: यादी उघडून बघाल तर साध्या अक्षरांतली लांबलचक फाइल आहे, एका ओळीत एक नियम. सुरुवातीला दोन उभ्या रेघा आणि मग पत्ता, म्हणजे या पत्त्यावर जाऊ द्यायचं नाही. दोन हॅश म्हणजे पानावरचा अमुक चौकोन दाखवायचा नाही. दोन अ‍ॅट म्हणजे याला सोड. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ ही नुसती टीप. जाहिरातवाले पत्ते बदलतात, कुणीतरी ते कळवतं, यादी सांभाळणारे नवी ओळ घालतात आणि दर काही दिवसांनी आपल्या ब्राउझरमध्ये ती आपोआप येते. यातली बरीच मंडळी हे विनामोबदला करतात. मला या लोकांचं फार कौतुक आहे.

ए-४०२ नाना: माझ्या फोनवर आहे असलं. प्ले स्टोअरवरून ‘अ‍ॅड रिमूव्हर’ घेतलं होतं. उलट जाहिराती वाढल्यासारख्या वाटतात.

बी-२०१ ताई: नाना, ते आत्ताच काढा. या वस्तूला आपण उघडतो ती सगळी पानं वाचायची मुभा द्यावी लागते, नाहीतर ती काम कसं करणार? म्हणूनच ती कुणाची आहे हे बघितल्याशिवाय घ्यायची नाही. २०१८ मध्ये क्रोमच्या स्टोअरमध्ये पाच बनावट ब्लॉकर सापडले होते, आणि ते २ कोटींहून जास्त लोकांनी बसवलेले होते. मी वापरते ते यूब्लॉक ओरिजिन. रेमंड हिल याने २०१४ मध्ये लिहायला घेतलं. फुकट आहे, आतला कोड कुणालाही बघता येतो आणि हा माणूस देणगीसुद्धा घेत नाही. पण नावात ‘ओरिजिन’ हवंच. नुसत्या यूब्लॉक नावाची वेगळी वस्तू आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.

ए-५०१ दादा: माझ्या लॅपटॉपवर होतं हे ओरिजिन. क्रोमने एक दिवस सांगितलं की आता चालणार नाही, आणि बंद करून टाकलं.

बी-२०१ ताई: बरोबर. गूगलने क्रोमच्या एक्स्टेंशनचे, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या अशा छोट्या प्रोग्रॅमचे, नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ म्हणतात त्याला. आधी ब्लॉकर प्रत्येक निरोप स्वतः तपासून अडवायचा. आता त्याने नियम आधीच ब्राउझरच्या हाती द्यायचे आणि अडवायचं काम ब्राउझर करणार, तेही घालून दिलेल्या मर्यादेत. २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेंशनं क्रोममधून गेलीच. जगातली सगळ्यात मोठी जाहिरात कंपनी स्वतःच ब्राउझर बनवते, तेव्हा असे नियम निघाले की मला ते खटकतं. क्रोमच वापरायचा असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्या, बऱ्यापैकी काम करतं. पूर्ण ताकदीचं हवं असेल तर फायरफॉक्स हा दुसरा ब्राउझर.

ए-३०३: ताई, एक बोलू का? मी एका मराठी पोर्टलवर काम करतो हे तुम्हाला माहीत आहे. आमचा पगार याच जाहिरातींतून निघतो. वाचकांनी सगळंच अडवलं तर डेस्कवरची चार माणसं उद्या घरी बसतील. फसवणारा तो चोर वेगळा आणि आम्ही वेगळे.

बी-२०१ ताई: तुझं म्हणणं खरं आहे आणि मी ते टाळणार नाही. पूर्वी पेपरात साडीच्या दुकानाची जाहिरात यायची, तिने मी कुठलं पान किती वेळ वाचलं हे कधी टिपून ठेवलं नाही. माझा विरोध त्या टिपण्याला आहे, आणि कुणाच्या नावाने कोण बोलतंय हे न तपासता छापण्याला. यूब्लॉकमध्ये मोठं पॉवरचं बटन असतं. ज्या साइटवर आपला विश्वास आहे, जी रोज वाचतो, तिथे ते दाबून ब्लॉकर बंद ठेवता येतो, आणि ते लक्षात राहतं. तुमच्या पोर्टलसाठी मी तो बंद ठेवते. वर्गणी ठेवलीत तर तीही भरेन.

ए-३०३: एवढं केलंत तरी पुष्कळ. वर्गणीचं आमच्या संपादकांशी बोलतो.

ए-१०२ वहिनी: फोनचं सांगा ना ताई. लॅपटॉप आहे कुणाकडे?

बी-२०१ ताई: अँड्रॉइडवर क्रोममध्ये एक्स्टेंशन चालतच नाही. फायरफॉक्स घ्यायचा, त्याच्या मेनूत एक्स्टेंशन उघडून यूब्लॉक ओरिजिन जोडायचं. दोन मिनिटांचं काम. आयफोनवाल्यांसाठी सफारीत यूब्लॉक ओरिजिन लाइट मिळतं. पण काकूंच्या फोनवर मला आज एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी बघा. त्या ब्राउझर उघडतच नाहीत! होम स्क्रीनवर जी शोधायची पट्टी असते ना, तीत बोलतात किंवा टाइप करतात. ती पट्टी वेगळ्या अ‍ॅपची, तिथे ब्लॉकरचा काही उपयोग नाही. फायरफॉक्स बसवून ठेवला असता आणि पट्टी तशीच राहिली असती, तर उद्या पुन्हा हेच घडलं असतं. म्हणून ती पट्टी काढली आणि त्या जागी फायरफॉक्सचं चिन्ह आणलं.

बी-४०३ काकू: कोल्ह्यासारखं दिसतं ते. मी दोनदा करून बघितलं, जमतंय.

सेक्रेटरी: बाकी अ‍ॅप्समधल्या जाहिराती? आई पत्त्यांचा गेम खेळते, मध्येच काहीतरी उघडतं आणि ती घाबरते.

बी-२०१ ताई: त्यासाठी अँड्रॉइड ९ पासून सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता फोनला शोधून देणारी सेवा. तिथे अ‍ॅडगार्डचा पत्ता टाकला की बरेचसे जाहिरातींचे पत्ते फोनला सापडतच नाहीत, अ‍ॅप्समध्येसुद्धा. पत्ता जसाच्या तसा लागतो, म्हणून पर्सनलवर पाठवते. पण सर्चमधली प्रायोजित ओळ याने जात नाही, यूट्यूबच्या जाहिरातीही नाहीत, कारण त्या मूळ साइटच्याच पत्त्यावरून येतात. म्हणजे काकूंना एकट्या डीएनएसने वाचवलं नसतं.

ए-४०२ नाना: काढलं ते रिमूव्हर. फायरफॉक्समध्ये सगळ्या याद्यांवर टिक करू का? जितक्या जास्त तितकं बरं?

बी-२०१ ताई: नको नाना. आधीपासून टिक असलेल्या राहू द्या, फार तर इंडियनलिस्ट जोडा. सगळ्या घेतल्यात तर साइट्स मोडतील. एका वेळी दोन ब्लॉकरही ठेवू नका. एखाद्या बँकेचं किंवा तिकिटाचं पान अर्धवट उघडलं, पैसे भरायचं बटन चालेना, तर त्या साइटपुरतं पॉवरचं बटन दाबा आणि पान पुन्हा लोड करा. त्याआधी वरचा पत्ता मात्र एकदा वाचा.

ए-५०१ दादा: काकू, मघाशी मी जे लिहिलं त्याबद्दल माफ करा. आत्ता बायकोच्या फोनवर गॅस कंपनीचा नंबर शोधून बघितला. वरचे दोन्ही नंबर कुणाचे आहेत देव जाणे.

बी-४०३ काकू: असू दे रे बाबा.

बी-२०१ ताई: उद्या संध्याकाळी ६ ते ८ सोसायटी ऑफिसात बसते. ज्यांना हवं त्यांनी फोन चार्ज करून आणा. आपल्या वॉचमनदादांनाही बोलवा, ते गावाकडे पैसे फोनवरूनच पाठवतात.

सेक्रेटरी: किल्ली माझ्याकडे आहे, ५:४५ ला उघडतो. चहा माझ्याकडून.

रविवार, दुपारी १२:३०

सेक्रेटरी: काल १७ फोन झाले. राहिलेल्यांनी ताईंना वेळ विचारून घ्या.

बी-४०३ काकू: कंपनीचा माणूस येऊन गेला. या वेळी नंबर वॉरंटी कार्डावरून घेतला आणि कोल्ह्यातून कंपनीची साइट उघडून ताडून बघितला, दोन्ही एकच निघाले. मशीनचा बेल्ट तुटला होता, ६५० रुपये घेतले, पावती दिली. पैशांबद्दल बँकेतून अजून फोन नाही.

बी-२०१ ताई: काकू, उद्या सकाळी मी सुट्टी घेतली आहे. १० वाजता आपण दोघी बँकेत जाऊ. १९३० चा तक्रार नंबर कागदावर लिहून ठेवा आणि त्या दिवशीचे मेसेज पुसू नका.