बातमीतले तथ्य आणि मत मुलांना वेगळे कसे करून दाखवावे?

ऐरोलीतील शिक्षिका
नमस्कार. मी नववीला मराठी शिकवते. शनिवारी वर्गात आम्ही वर्तमानपत्र वाचतो; तथ्याखाली निळी आणि मताखाली लाल रेघ, असा आमचा नेम आहे. अग्रलेखात मुलांना फारसे अडत नाही, अडते ते बातमीत. सरावासाठी मी फळ्यावर पुढील वाक्य लिहिले: ‘अनेक वर्षे रखडलेली नवी मुंबई मेट्रो अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मार्गावर धावू लागली आणि नागरिकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.’ काहींनी ते निळे केले, काहींनी लाल, आणि दोन्हीकडची कारणे मला पटली. अशा वाक्याचे काय करावे?

निवृत्त उपसंपादक, नौपाडा, ठाणे
बाई, रेघ वाक्याखाली नको, शब्दाखाली ओढायला सांगा. महिना आणि मार्ग पडताळता येतात, ते निळे. ‘रखडलेली’ला मात्र घाईने लाल करू नये. काम २०११ मध्ये सुरू झाले आणि गाडी २०२३ मध्ये धावली, तेव्हा विलंब तारखांवरूनच दिसतो. तो अमक्याच्या हलगर्जीपणामुळे झाला, असे लिहायचे असेल तर पुरावा द्यावा लागेल. ‘सुटकेचा निःश्वास’ टाकणारा एकही प्रवासी बातमीत बोललेला नसेल, तर ते बातमीदाराचे स्वतःचे मत आहे आणि त्याने ते नागरिकांच्या नावावर खपवले आहे.

याहून बारीक जागा म्हणजे क्रियापद. अधिकाऱ्याचे एकच विधान घ्या. ‘सांगितले’ ही नुसती नोंद झाली. ‘दावा केला’ म्हटले की शंका डोकावते, ‘कबूल केले’ म्हटले की आजवर काहीतरी लपवले जात होते असे सूचित होते, आणि ‘स्पष्ट केले’ म्हणताना ते विधान खरेच आहे असे आपण गृहीत धरतो. एकच बातमी या चारही क्रियापदांनी लिहून घ्या. बातमी संपादित करताना आम्ही सर्वाधिक वेळा बदलायचो तो हाच शब्द.

खारघर
काकांच्या म्हणण्याला एक जोड देतो. भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत तथ्य आणि भाष्य यांच्याबरोबर अंदाजाचाही वेगळा उल्लेख आहे, आणि अंदाज किंवा भाष्य तथ्य म्हणून छापू नये असे ती सांगते. म्हणून ‘सूत्रांकडून समजते’, ‘असे बोलले जात आहे’, ‘चर्चेला उधाण आले आहे’ यांच्यासाठी तिसरा रंग ठेवावा. शिवाय ‘अमुक नेते म्हणाले’ यात ते तसे म्हणाले एवढेच तथ्य असते. त्यांचे म्हणणे खरे आहे की नाही, हे त्या वाक्याने ठरत नाही.

कोपरी, ठाणे
माझी एक विनंती आहे, मतासाठी लाल रंग घेऊ नका. शाळेत लाल शाई म्हणजे चूक, आणि मत म्हणजे चूक असे एकदा मुलांच्या मनात बसले की उत्तम अग्रलेखही त्यांना संशयास्पद वाटू लागेल. वृत्तपत्राने मत मांडलेच पाहिजे. फक्त ते मत म्हणून, आधार दाखवून मांडावे.

शिवाय रंगांनी न सापडणारेही एक मत असते, ते निवडीत असते. त्याच मेट्रोच्या बातमीत एक पत्र ११.१० किलोमीटर मार्ग आणि ११ स्थानके यांनी सुरुवात करील, तर दुसरे २०११ पासूनच्या प्रतीक्षेने. दोन्हीकडे प्रत्येक शब्द निळाच निघेल, तरी वाचकाच्या मनावरचा ठसा अगदी वेगळा राहील. म्हणून शनिवारी एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे शेजारी ठेवा आणि एकात आहे पण दुसऱ्यात नाही, असे काय काय सापडते ते मुलांना शोधू द्या.