व्हॅलेन्सियातील ‘लोंखा दे ला सेदा’ कशी पाहावी? सल्ला हवा

नमस्कार. मार्चमध्ये वडिलांसह स्पेनला जात असून व्हॅलेन्सियात दीड दिवस हाताशी आहे. वडिलांची सारी हयात कापडाच्या घाऊक व्यापारात गेल्यामुळे तेथील ‘लोंखा दे ला सेदा’ (म्हणजे रेशीम बाजार) हे व्यापाऱ्यांचे जुने सभागृह पाहण्याची त्यांना फार इच्छा आहे. खांबांची छायाचित्रे काढून परतण्याऐवजी तेथे व्यवहार कसे चालत, हे समजण्यासाठी काय पाहावे?

प्रतिसाद १
एक पूर्ण सकाळ राखून ठेवावी. व्हॅलेन्सियाची भरभराट होत असताना, १४८२ मध्ये सुरू झालेल्या या वास्तूचे मुख्य सभागृह पेरे कोम्प्ते या स्थपतीच्या देखरेखीखाली १४९८ पर्यंत उभे राहिले. पीळ दिलेल्या दोरखंडासारखे तिचे आठ मोकळे खांब सुमारे १७ मीटर उंच जाऊन छताच्या कमानींत फाकतात, आणि नजर तेथेच खिळते. तरीही वडिलांना आधी भिंतींवर उंचावरून फिरणारी सोनेरी अक्षरांची लॅटिन पट्टी दाखवावी, असे मला मनापासून वाटते. त्यात वास्तू स्वतःच बोलते: मी पंधरा वर्षांत बांधली गेले, नागरिकहो, ज्या व्यापारात जिभेवर कपट नसते, शेजाऱ्याला दिलेला शब्द मोडला जात नाही आणि पैसा व्याजाने लावला जात नाही, तो किती चांगला आहे हे चाखून पाहा. असे वागणाऱ्याला संपत्ती आणि अखेरीस चिरंतन जीवन मिळेल, असेही पुढे म्हटले आहे. ज्यांनी तोंडी शब्दावर माल दिला-घेतला आहे, त्यांना या ओळी वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत. शेजारच्या मनोऱ्यात खाली प्रार्थनामंदिर आणि वर देणी बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी कोठडी होती, हेही त्यांना अवश्य सांगावे. शहराची पेढीही याच वास्तूत चाले.

प्रतिसाद २
वरील माहितीत थोडी भर घालतो. संत्र्याच्या झाडांच्या अंगणापलीकडे सागरी व्यापाराचे तंटे सोडवणाऱ्या न्यायसंस्थेचे दालन आहे. ही संस्था व्हॅलेन्सियात १२८३ पासून होती. दालनाचे कोरीव, सोनेरी लाकडी छत मात्र मूळचे येथील नाही. एकोणिसाव्या शतकात पाडलेल्या जुन्या नगरभवनातून ते येथे आणून बसवले आहे. वडील कापडातले असल्यामुळे पायी अंतरावर असलेले रेशीम संग्रहालय चुकवू नये. रेशीम विणकरांच्या १४७९ मध्ये स्थापन झालेल्या संघाच्याच इमारतीत ते असून तेथे जुने हातमाग आहेत. समोरची मध्यवर्ती मंडई दुपारनंतर आणि रविवारी बंद असते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी जाणे सोयीचे.