मदत हवी आहे: लशीचा बटाटा शिजवला तर?

भाची यंदा दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकात खाद्य लसींबद्दल थोडंसं आहे: जनुक बदललेला बटाटा खाल्ला की पटकी आणि ई. कोलाय या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबांविरुद्ध प्रतिकारशक्ती येते. तिने विचारलं, "मामी, पण भाजी केली तर?" मी गप्प.

शोधल्यावर १९९८ चा बाल्टिमोरमधला प्रयोग सापडला. चार्ल्स आर्न्ट्झन यांच्या गटाने ई. कोलायच्या विषाचा निरुपद्रवी भाग बटाट्यात तयार करवला होता. ११ जणांनी तो ५० ते १०० ग्रॅम खाल्ला, तोही कच्चा! १० जणांच्या रक्तात प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) वाढली. आम्ही दोघींनी घरातल्या साध्या बटाट्याच्या फोडी चावून पाहिल्या. दोन घासांत तोंड तुरट, दातांवर पिठाचा थर. शंभर ग्रॅम म्हणजे शिक्षाच.

तर शिजवल्यावर काहीच उरत नाही का? पोटातल्या आम्लातून ते वाचतं कसं? आणि इतक्या वर्षांत बाजारात का नाही? प्रदर्शनात परीक्षक हे विचारणारच. (जीएम, म्हणजे जनुक बदललेली पिकं, चांगली की वाईट हा वाद इथे नको, बीटी वांग्यावर तो भरपूर झालाय.)

प्रतिसाद १
उरतं, ताई. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात पटकीच्या विषाचा निरुपद्रवी भाग (बी-भाग) असलेले बटाटे मऊ होईपर्यंत उकडले, तरी साधारण निम्मं प्रथिन शाबूत राहिलं. पाच तुकड्यांचं कडं असतं ते, चटकन सुटत नाही. आम्लापासून बटाट्याच्या पेशीभित्तिका थोडं झाकतात, पुढे आतड्याच्या अस्तराला ते स्वतःच चिकटतं.

खरी अडचण मात्रेची. या बटाट्यात किती आणि त्या बटाट्यात किती, याचा नेम नाही. शिवाय भेसळीची धास्ती: २००२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात औषधी प्रथिनासाठी लावलेल्या मक्याचे अवशेष सोयाबीनमध्ये गेले आणि सुमारे ५ लाख बुशेल (धान्य मोजायचं तिथलं माप) सोयाबीन बाद झालं. म्हणून टोकियोच्या संशोधकांनी पटकीविरोधी तांदूळ बंदिस्त जागेत वाढवला, त्याची पूड केली आणि ग्रॅमवर तोलून पाजली.

धागाकर्ती
खूप आभार! भाची म्हणते, "म्हणजे भाजी नाहीच, पुडीच." तक्त्यावर उकडलेला बटाटा काढणं सुरू आहे. आता नवीन प्रश्न: केळं तर न शिजवताच खातात, मग बटाटाच का घेतला?

प्रतिसाद २
बटाट्यात जनुक घालणं सोपं आणि पीक काही महिन्यांत हाती. केळीचा घड यायला वर्ष जातं.