कार्टूनमधले सीन इथे कापतात, तिकडे नाही, असं का?

मुलुंडची आई: मुलगा सहा वर्षांचा, शिनचॅनचा वेडा. परवा त्याला वरणभात भरवताना बघितलं तर सीन मध्येच तुटला, तोंड एक हलतंय आणि डायलॉग भलताच. हे कोण ठरवतं?

दादरकर: ताई, शिनचॅन तर २००८ मध्ये आपल्याकडे बंदच केला होता, पालकांच्या तक्रारी होत्या, मग काटछाट करून परत आणला. टीव्ही मालिकांना सिनेमासारखं आधी सर्टिफिकेट लागत नाही, १९९५ च्या केबल कायद्याचा प्रोग्राम कोड, म्हणजे काय दाखवू नये याचे नियम असतात, म्हणून चॅनलवाले स्वतःच आधी कात्री चालवतात.

अंधेरीवाली: पेपा पिगचा एक भाग ऑस्ट्रेलियात तिथल्या एबीसी चॅनलने २०१२ मध्ये काढून टाकला, त्यात कोळ्याला घाबरू नको असं सांगितलंय आणि तिकडे काही कोळी खरंच विषारी, ते मला पटतं. पण अमेरिकेत डोरेमॉनमधल्या चॉपस्टिक्स जाऊन काटेचमचे आले, येनचे डॉलर झाले, हे अजिबात नाही आवडलं. पोरांना दुसऱ्यांचं जेवण बघू दे ना!

मुलुंडची आई: अगदी! आमचा तर ओनिगिरी बघून भाताचा तिकोनी गोळाच मागतो, आणि तसा दिला की सगळा संपवतो.